भट्टीत जळून जाणारी कृती: पातळ सिरॅमिक शीटच्या पेटंट-वादात पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी

एके दिवशी स्पीड पोस्टाने लिफाफा येतो. आत वकिलाची नोटीस असते: तुमच्याकडे बनणारी अर्ध्या मिलिमीटरची ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) सिरॅमिकची शीट आमच्या अशिलाच्या पेटंट घेतलेल्या पद्धतीने बनते, सबब उत्पादन ताबडतोब थांबवा, आजवरच्या विक्रीचा हिशेब द्या. लहान कारखानदाराच्या पोटात गोळा येतो. ज्या तरुण इंजिनिअरने ती लाइन बसवली त्याला तर आपल्या हातून चोरी झाली की काय, असं वाटायला लागतं. हा लेख त्या दोघांसाठी आहे, आणि अशा प्रकरणाची फाइल पहिल्यांदाच हातात घेणाऱ्या नव्या वकिलासाठीही.

सुरुवातीला शब्दांचा एक घोळ मिटवून टाकू. पेटंटच्या शेवटी जी क्रमांक दिलेली वाक्यं असतात त्यांना इंग्रजीत क्लेम म्हणतात, आणि मराठीत त्यांनाही ‘दावा’ म्हणण्याची पद्धत आहे. कोर्टात दाखल होतो तोही दावाच. एकाच बैठकीत दोन्ही अर्थ आले की गोंधळ होतो. म्हणून इथे पेटंटातलं वाक्य म्हणजे क्लेम आणि कोर्टातला तो दावा.

आधी कृती समजून घ्या

ज्याला ही शीट कशी बनते ते माहीत नाही, त्याला हा वाद कळणार नाही. गच्चीवर प्लास्टिक अंथरून साबुदाण्याच्या पापड्या घातलेल्या पाहिल्यात ना? पीठ शिजवून योग्य इतकं सैल करायचं, पळीने पसरायचं, सुकलं की अलगद सोडवायचं. फार कडक उन्हात घाईने सुकवलं तर कडा वळतात, तडे जातात. पातळ शीट बनवण्याच्या पद्धतीला टेप कास्टिंग म्हणतात, आणि तिचा गाभा नेमका हाच आहे. सिरॅमिकची बारीक पूड, द्रावक, पूड गुठळ्या न होता पसरून राहावी म्हणून डिस्पर्संट, कण धरून ठेवायला बाइंडर आणि टेप लवचीक राहावी म्हणून प्लास्टिसायझर, असं सगळं मिलमध्ये घोटून स्लरी करतात. निर्वात करून तिच्यातले बुडबुडे काढतात. मग सरकत्या पॉलिएस्टर फिल्मवर ती ओततात आणि डॉक्टर ब्लेड नावाच्या सुरीखालून एकसारख्या जाडीत पसरवतात. सुकल्यावर सोडवतात ती ‘ग्रीन टेप’. इथे ग्रीनचा रंगाशी संबंध नाही, ग्रीन म्हणजे न भाजलेली. ती कापायची, भट्टीत हळूहळू तापवून बाइंडर जाळून टाकायचा आणि मग सिंटरिंग, म्हणजे कण एकमेकांना घट्ट सांधले जाईपर्यंत भाजणं. ॲल्युमिनासाठी ते साधारण १५०० ते १६०० अंशांच्या आसपास होतं. शीट आकसते, आणि आकसताना वाकू नये म्हणून सपाट सच्छिद्र प्लेटांमध्ये ठेवतात.

ही पद्धत जुनी आहे, आणि ते वादात कामाला येतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कपॅसिटरसाठी लागणाऱ्या अभ्रकाला पर्याय शोधला जात होता. त्या शोधातून अमेरिकेत ग्लेन हॉवॅट यांनी पातळ सिरॅमिक शीट ओतण्याची पद्धत बसवली. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये तिच्यावर शोधनिबंध छापला, आणि हॉवॅट यांना १९५२ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं. त्यांच्या सुरुवातीच्या यंत्रात स्लरी सरकत्या प्लास्टरच्या ठोकळ्यांवर पडायची. प्लास्टरऐवजी लवचीक फिल्मवर ओतण्याचं जॉन पार्क यांचं पेटंट १९६१ चं. म्हणजे ‘स्लरी फिल्मवर ओतून सुरीने पसरवणे’ एवढ्या मूळ कल्पनेवर आज कुणाचीही मालकी असू शकत नाही. आजची पेटंटं असतात ती तपशिलांवर: सुकवण्याच्या झोनमधलं तापमान, पाण्यावर आधारित बाइंडर, कणांचा आकार, भाजताना वर ठेवलेलं वजन.

फरशीच्या धंद्यातले तीन मिलिमीटरचे मोठे स्लॅब ही वेगळी जात. तिथे पूड ओतत नाहीत, साच्याशिवायच्या प्रेसमध्ये किंवा पट्ट्यांमधून दाबतात. इटलीतल्या मोदेना, इमोला या भागांतल्या यंत्रकंपन्यांनी ते तंत्र पुढे नेलं आणि आपल्याकडे गुजरातमधल्या मोरबीच्या कारखानदारांना ते चांगलं परिचयाचं आहे. यंत्र निराळं असलं तरी पुढच्या कायद्याच्या पायऱ्या दोघांनाही सारख्याच लागू पडतात.

पहिल्या आठवड्यात काय करायचं, काय नाही

फोन करून समोरच्याशी बोलू नका. ‘आम्ही तसं थोडंसंच करतो’ हे वाक्य पुढे तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवलं जातं. घाबरून लाइनमध्ये लगेच बदलही करू नका. आणि काहीही फाडू, पुसू नका. बॅच रजिस्टर, भट्टीच्या कंट्रोलरमधला डेटा, पुरवठादारांची बिलं, जुन्या ट्रायलचे फोटो, सगळं एका जागी गोळा करून त्यांची यादी करा.

मग नोटिशीतला पेटंट क्रमांक घेऊन पेटंट कार्यालयाच्या इनपास या मोफत शोध-सुविधेत तो तपासा. चार गोष्टी पाहायच्या.

पेटंट भारतातलं आहे का? नुसता अमेरिकी किंवा युरोपीय क्रमांक असेल तर त्या पेटंटचा भारतात काहीही अधिकार नाही. मात्र त्याच शोधाचा भारतीय अर्ज असू शकतो, म्हणून अर्जदाराच्या नावानेही शोधा.

ते मंजूर झालंय की फक्त प्रसिद्ध? अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. पेटंट कायद्याच्या कलम ११अ नुसार हक्क प्रसिद्धीच्या तारखेपासून मोजले जातात, पण मंजुरी मिळेपर्यंत दावा लावता येत नाही.

मुदत संपली आहे का? पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं टिकतं.

आणि वार्षिक शुल्क भरलंय का? ते चुकलं तर पेटंट रद्द पडतं. १८ महिन्यांत अर्ज करून ते पुन्हा उभं करता येतं, तेव्हा फक्त एक जुनी नोंद पाहून निर्धास्त होऊ नका.

नोटीस आल्याने आणखी एक गोष्ट बदलते. पेटंट असल्याची कल्पना नव्हती आणि असण्याचं कारणही नव्हतं, हे सिद्ध झालं तर कलम १११ खाली नुकसानभरपाईतून सुटका मिळते. मालावर नुसतं ‘पेटंटेड’ छापलेलं, क्रमांक नसलेलं, तेवढ्याने तुम्हाला कल्पना होती असं धरलं जात नाही. पण नोटीस हातात पडल्यानंतरच्या विक्रीसाठी हा बचाव उरत नाही. म्हणून उत्तराला उशीर लावू नका. आणि समोरच्याकडे दावा लावण्यासारखं काही नसताना तो फक्त ग्राहकांना घाबरवत असेल, तर निराधार धमक्यांविरुद्ध कलम १०६ खाली तुम्हीच कोर्टात जाऊ शकता.

क्लेम वाचणे: इथे घाई केली तर सगळं चुकतं

नवे लोक पेटंटचं शीर्षक आणि सारांश वाचून घाबरतात. हक्काची हद्द ठरते क्लेममध्ये. वर्णन आणि आकृत्या क्लेमचा अर्थ लावायला मदत करतात, एवढंच त्यांचं काम.

सरावासाठी मी एक काल्पनिक क्लेम रचतो. ‘पातळ सिरॅमिक शीट बनवण्याची पद्धत, जिच्यात (क) ०.५ ते २ मायक्रॉन सरासरी कणांची ॲल्युमिना पूड, सेंद्रिय द्रावक आणि पॉलिव्हिनिल ब्युटिरल बाइंडर यांची स्लरी केली जाते. (ख) ती निर्वात केली जाते. (ग) डॉक्टर ब्लेडने फिल्मवर ओतली जाते. (घ) आधी द्रावकाच्या वाफेने भरलेल्या झोनमध्ये आणि मग गरम हवेच्या झोनमध्ये सुकवली जाते. (च) सच्छिद्र प्लेटांमध्ये वजनाखाली सिंटर केली जाते.’

आता कागदावर उभी रेघ ओढा. डावीकडे एकेक घटक, उजवीकडे तुमच्या कारखान्यात प्रत्यक्ष काय होतं ते. ‘आम्हीही तसंच’ असं लिहू नका. आकडे लिहा, यंत्राचं नाव लिहा, कोणत्या रजिस्टरच्या कोणत्या पानावर ते सापडतं ते लिहा.

या उदाहरणात (ख), (ग) आणि बहुतेक (च) सगळा उद्योग करतो. वाद उभा राहणार (घ) वर. वाफेने भरलेला पहिला झोन कशासाठी? ओल्या टेपवर थेट गरम हवा मारली तर वरचा पापुद्रा आधी सुकतो, आतला द्रावक अडकतो आणि नंतर फुटून बाहेर येतो. पहिला झोन वाफेने भरून ठेवला की वरचा थर उघडा राहतो. शोधकाचं खरं योगदान तिथे आहे. तुमच्या ड्रायरमध्ये असा झोन नसेल, हवा उलट दिशेने खेळवून तुम्ही तोच त्रास टाळत असाल, तर तुमच्या बचावाचा कणा तिथेच आहे. तुमची स्लरी पाण्यावर आधारित असेल तर (क) सुद्धा जुळत नाही.

तसं असलं तरी एका शब्दाच्या फरकावर सगळी भिस्त ठेवू नका. घटक अक्षरशः तोच नसला पण तेच काम, त्याच रीतीने, त्याच परिणामासाठी करत असला, तर कोर्ट त्याला समतुल्य मानू शकतं. याची दुसरी बाजूही आहे. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एफएमसी विरुद्ध नॅट्को हे प्रकरण क्लोरँट्रानिलिप्रोल या कीटकनाशकाच्या कृतीवरून झालं. पेटंटातल्या सल्फोनिल क्लोराइडच्या जागी नॅट्कोने थायोनिल क्लोराइड वापरलं होतं, आणि पेटंटधारक एफएमसीला नॅट्कोविरुद्ध तात्पुरती मनाई, म्हणजे निकालापर्यंत उत्पादन थांबवण्याचा आदेश, मिळाली नाही. विषय रसायनाचा असला तरी कृतीच्या पेटंटवर काम करणाऱ्या प्रत्येकाने तो निकाल वाचावा. बदललेला घटक मुळातच महत्त्वाचा होता का, हा प्रश्न कोर्ट कसा हाताळतं ते त्यात दिसतं.

‘कम्प्रायझिंग’ या शब्दावरही थांबा. तो असेल तर क्लेममधले सगळे टप्पे करून वर तुम्ही दोन जास्तीचे टप्पे केलेत तरी तुम्ही हद्दीत येता. ‘आम्ही शेवटी पॉलिशही करतो’ हा बचाव होत नाही. एक टप्पा पूर्णपणे गाळलात, तर मात्र होतो.

सिद्ध कुणी करायचं?

या वादांतला सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात कमी समजला गेलेला भाग हा आहे. भाजलेली शीट हातात घेतली की तिच्यात बाइंडर नसतो, द्रावक नसतो, ड्रायरचं तापमान नसतं. कृतीचा बहुतेक पुरावा भट्टीतच जळून गेलेला असतो. थोड्या खुणा उरतात: फिल्मकडची बाजू आणि हवेकडची बाजू यांच्या गुळगुळीतपणातला फरक, घोटण्याच्या गोट्यांमधून आलेला झिर्कोनियाचा अंश, प्लेटांचे ठसे, कणांची रचना. पण पाणी वापरलं की टोल्युइनसारखा सेंद्रिय द्रावक, हे शीटकडे पाहून सांगता येत नाही.

कायद्याला ही अडचण माहीत आहे. म्हणून कलम १०४अ आलं. एरवी आरोप करणाऱ्याने सिद्ध करायचं. पण कृतीच्या पेटंटमध्ये कोर्ट प्रतिवादीला सांगू शकतं की तुमची कृती वेगळी आहे हे तुम्ही दाखवा. हे दोन प्रसंगी होतं. पेटंट नव्या वस्तूच्या कृतीचं असेल तेव्हा. किंवा तीच वस्तू त्या कृतीनेच बनल्याची दाट शक्यता असेल आणि रास्त प्रयत्न करूनही पेटंटधारकाला प्रत्यक्ष कृती शोधता आली नसेल तेव्हा. त्याआधी पेटंटधारकाने एक गोष्ट सिद्ध करावीच लागते: तुमची वस्तू त्याच्या कृतीतून थेट मिळणाऱ्या वस्तूशी एकरूप आहे.

आता तुमच्या शीटकडे पाहा. पातळ ॲल्युमिना शीट ही गेली कित्येक दशकं बाजारात असलेली वस्तू आहे, तिला ‘नवी वस्तू’ म्हणणं कठीण. म्हणजे समोरचा दुसऱ्या वाटेने येणार, आणि तुम्ही एकरूपतेवर भर द्यायचा: जाडी, घनता, पृष्ठभागाचा खडबडीतपणा, वाक, विद्युतरोधकता, यांची स्वतंत्र प्रयोगशाळेतली चाचणी. अशी चाचणी नोटीस आल्यावर लगेच करून घ्या.

सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर आलंच, तरी कारखान्याचं गुपित चव्हाट्यावर येईल अशी भीती बाळगू नका. उत्पादनाची किंवा धंद्याची गुपितं उघड करायला लावणं अवाजवी असेल तर कोर्टाने तसं करू नये, असं त्याच कलमात आहे. दिल्ली उच्च न्यायालयात तर ठरावीक वकील आणि तज्ज्ञांनाच कागद दिसतील अशी बंदिस्त सोय, कॉन्फिडेन्शिॲलिटी क्लब, सर्रास वापरली जाते. कोर्ट आयुक्त नेमून कारखान्याची पाहणीही करवू शकतं. त्या दिवशी लाइन नेहमीसारखीच चालू असली पाहिजे.

एक सावधगिरी. ‘आम्ही उल्लंघन करत नाही’ असं कोर्टाकडून जाहीर करून घेण्याची वाट कलम १०५ मध्ये आहे. पण तिच्यासाठी आधी तुमच्या कृतीचा पूर्ण तपशील पेटंटधारकाला लेखी कळवावा लागतो, आणि त्या दाव्यात पेटंटच्या वैधतेवर बोट ठेवता येत नाही. ज्याची सगळी ताकद गुप्त कृतीत आहे, त्याने मला विचारलं तर मी ही वाट सुचवणार नाही.

पेटंटच टिकतं का ते तपासा

मंजूर पेटंट म्हणजे दगडावरची रेघ, असा समज आहे. तो खोटा आहे. परीक्षणानंतर मिळालेलं पेटंटही वैध असल्याची हमी कायदा देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या प्रकरणात हे ठासून सांगितलं. वाद मिर्झापूरच्या पितळी भांड्यांचा होता, लेथवर भांडं धरून ठेवण्याच्या युक्तीवरचा. जुन्याच साधनांची कारागिराला सहज सुचणारी जुळणी म्हणजे शोध नव्हे, असं ठरून पेटंट रद्द झालं. लहान कारखान्यांच्या जगातलं ते प्रकरण आहे, म्हणून मला ते फार जवळचं वाटतं.

आधी छापलेलं साहित्य शोधताना बी२८बी आणि सी०४बी हे वर्ग पाहा: पहिला सिरॅमिकला आकार देण्याचा, दुसरा सिरॅमिकच्या मिश्रणांचा. फक्त पेटंटं चाळू नका. सिरॅमिकची नियतकालिकं, बाइंडर विकणाऱ्यांची तांत्रिक पत्रकं, यंत्रांची माहितीपुस्तकं, सगळं चालतं, फक्त तारीख पेटंटच्या अग्रक्रम तारखेच्या, म्हणजे त्या शोधाचा पहिला अर्ज झाला त्या तारखेच्या, आधीची हवी.

कृतीच्या पेटंटसाठी कलम ६४(२) मध्ये एक तरतूद आहे. त्या कृतीने परदेशात बनलेली वस्तू आधीच भारतात आयात झाली असेल, तर आयातीच्या तारखेला तो शोध भारतात माहीत आणि वापरात होता असं धरलं जातं. फक्त चाचणीसाठी केलेली आयात याला अपवाद. म्हणजे एखाद्या जुन्या व्यापाऱ्याच्या कपाटातली जपानी शीटची बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद) तुमचं प्रकरण फिरवू शकते. मात्र ती शीट त्याच कृतीने बनली होती हे दाखवावं लागेल, आणि त्यासाठी परदेशी उत्पादकाचा कागद लागेल.

वाटा अशा. अर्ज मंजूर व्हायचा असेल तर कुणालाही हरकत घेता येते. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्तीला विरोध नोंदवता येतो. त्यानंतर उच्च न्यायालयात रद्द करण्याचा अर्ज, किंवा तुमच्यावर दावा आला की त्यातच प्रतिदावा. एकाच वेळी सगळीकडे धावता येत नाही. ॲलॉइस वोबेन विरुद्ध योगेश मेहरा या २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की एक वाट निवडल्यावर तीच धरायची. गुजरात, महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड इथल्या अर्जदारांचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात येतात. मोरबीच्या फाइलीही तिथल्याच. पेटंट व्यवस्थेची ओळख करून घ्यायची तर नागपूरला बौद्धिक संपदेची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था आहे.

कोर्टात

समोरचा तातडीची मनाई मागेल असं दिसलं तर संबंधित कोर्टात कॅव्हेट, म्हणजे ‘आधी आमचं ऐका’ असा अर्ज, घालून ठेवा. ते ९० दिवस चालतं, आणि तोवर तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय सहसा आदेश होत नाही. पेटंटचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही, आणि तुम्ही पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा केलात की प्रकरण उच्च न्यायालयात जातं. तातडीचा दिलासा मागितला नसेल तर वाणिज्य न्यायालय कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे आधी मध्यस्थी करावीच लागते. लेखी जबाबाला जास्तीत जास्त १२० दिवस. त्यानंतर एक दिवसही मिळत नाही, ही मुदत भिंतीवर लिहून ठेवा.

मनाईच्या सुनावणीत पेटंट खोटं असल्याचा अंतिम पुरावा द्यावा लागत नाही. आव्हान विश्वासार्ह आहे, एवढं दिसलं पाहिजे. एक चांगला जुना निबंध आणि स्वच्छ भरलेला तुलनेचा कागद यांनी ते दिसतं. मध्यस्थीत परवाना शुल्कावर तडजोड होत असेल आणि (घ) सारखा घटक तुमच्याकडे खरोखर जुळत असेल, तर तडजोड करा. कमीपणा वाटून घेऊ नका.

निर्यात करत असाल तर तिथला वेगळा हिशेब. अमेरिकेत पेटंट असलेल्या कृतीने भारतात बनवलेली शीट तिथे नेली तरी उल्लंघन ठरू शकतं, आणि युरोपात २०२३ च्या जूनपासून एकत्रित पेटंट न्यायालय सुरू झालंय, ज्याची मनाई एका फटक्यात अनेक देशांत लागू होऊ शकते.

आज संध्याकाळपासून

नोटीस आली नसली तरी बॅच रजिस्टर असं ठेवा: पुडीचा लॉट, द्रावक आणि बाइंडरचं नाव व वजन, घोटण्याचे तास, स्लरीची व्हिस्कॉसिटी, ब्लेडची फट, फिल्मचा वेग, ड्रायरच्या प्रत्येक झोनचं तापमान, भट्टीचा आलेख, आणि खाली दोघांच्या तारखेसह सह्या. पानांना छापील क्रमांक हवेत. कृतीत बदल केलात तर त्याच दिवशी कारणासह नोंदवा, कारण ‘हे आम्ही स्वतः करून पाहून शोधलं’ हे त्या कारणावरूनच पटतं. कंट्रोलरचा डेटा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, तेव्हा तो डेटा कोण सांभाळतं हे आत्ताच ठरवा.

आणि प्रत्येक लॉटमधून तळहाताएवढा ग्रीन टेपचा तुकडा कापून, पाकिटात सीलबंद करून, लॉट नंबर आणि तारीख लिहून ठेवा. ऊन आणि ओल लागणार नाही अशा कपाटात. त्या तुकड्यात बाइंडर अजून जिवंत असतो. पुढे कुणी विचारलं तर कोणता बाइंडर होता ते प्रयोगशाळा त्याच्यातून काढू शकते, कारण तो तुकडा भट्टीत गेलेला नसतो.